खोली, पागडी आणि अकरा महिने

'वन आर. के.' हा शब्द आमच्या लहानपणी नव्हता. 'स्टुडिओ अपार्टमेंट' तर नव्हतंच नव्हतं. एक खोली, कोपऱ्यात मोरी, जमलं तर वर पोटमाळा आणि संडास गॅलरीच्या टोकाला... ह्याला मुंबईत 'जागा' म्हणत. "जागा मिळाली का?" ह्या प्रश्नाला दुसरा अर्थच नसे. वर्गात मी वर्षानुवर्षं सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण ज्या खोलीत आम्ही वाढलो तिची सनावळी पाठ्यपुस्तकात कधी आली नाही. म्हणून आज ती इथे लिहिते आहे.

गिरण्या आल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली. एका खोलीत गावातले दहा-पंधरा पुरुष राहायचे. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला तिथेच आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला आणि ह्या दाटीची सरकारला धास्ती वाटली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड ह्यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं, तेच 'बीडीडी'. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून काँक्रीटच्या २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. पैसा उभा करायला कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला होता. तरीही १९३१ च्या जनगणनेत मुंबईतली जवळपास पाऊण वस्ती एकाच खोलीच्या घरात राहत होती!

आता भाड्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तिथेच ते गोठलं. हेतू चांगला होता. महागाई होती, फाळणीनंतर निर्वासित येत होते, गरिबाला कुणी रस्त्यावर काढू नये. आमचे वडील गिरणी कामगार. लालबागच्या त्या खोलीचं भाडं वाढलं असतं तर आम्हा भावंडांची शाळा सुटली असती, ह्यात मला शंका नाही. हे ऋण मी विसरत नाही.

पण मंडळी, कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ मिळत मिळत अर्धं शतक राहिला. भाडं इतकं कमी की मालक डागडुजी करेना. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. दुसरीकडे पागडी फोफावली. भाडं नाममात्र, पण खोलीत शिरायचं तर एकरकमी मोठी रक्कम, तीही बिनपावतीची. ज्याच्याकडे गाठोडं नाही त्याने कुठे जावं? काही मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू करून टाकलं. मग काय, पुष्कळांनी खोल्यांना कुलपंच लावली.

१९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्याला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडी कायदेशीर झाली. लायसन्सवाल्याला मात्र मुदत संपली की निघायचं, न निघाल्यास दुप्पट पैसे. अकरा महिनेच का, असं मुलं विचारतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागे, ते टाळण्यासाठी ही अकराची युक्ती. आता ह्या कायद्यानुसार प्रत्येक करार नोंदवावा लागतो, पण अकरा तसेच राहिले!

आमच्याच घरात बघा. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. वडील गेल्यावर भाडेपावती आईच्या, आणि आईनंतर धाकट्या भावाच्या नावावर झाली. ताई आणि मी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे आमचा प्रश्नच नव्हता. भाऊ-वहिनींनी आईचं शेवटपर्यंत सगळं केलं, माझी काडीचीही तक्रार नाही, नातेवाईकांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये. आता त्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. वरळीच्या बीडीडीत १४ ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हापासून भावालाही आशा वाटते आहे. वाटावीच. गळक्या छपराखाली त्याने जन्म काढला.

पण ताईची नात नोकरीसाठी ठाण्याच्या पुढे एका खोलीत राहते. खोली आमच्या लालबागच्या खोलीएवढीच. दर अकरा महिन्यांनी नवा करार, वाढीव भाडं, दलालाची दलाली आणि "एकटी मुलगी आहे का?" ही चौकशी. दोघंही त्याच गिरणी कामगाराच्या रक्ताची. एकाला कायद्याने जन्मभर हात लावू दिला नाही, दुसरीला वर्षभरसुद्धा आसरा नाही.

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, कायदा कुणाला वाचवतो ते बघा, आणि कुणाचा त्यात उल्लेखच नाही तेही बघा. भाड्याच्या कायद्याने आत असलेल्याला वाचवलं. दाराबाहेर उभा असलेला त्याला दिसला नाही. खोल्या बांधायचं काम ट्रस्टने आणि बीडीडीने जसं हाती घेतलं, तसं भाड्याच्या खोल्यांसाठी पुन्हा त्या तडफेने कुणी घेतलं नाही. विकत घ्यायच्या घरांच्या जाहिराती मात्र रोज येतात. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी पोरीला विकत घर नको असतं, दोन-चार वर्षं कुणी उठवणार नाही अशी एक खोली हवी असते. एवढंच मागणं आहे, आणि ते गिरणीच्या भोंग्याइतकं जुनं आहे.