फुलांची चिन्हे आणि काट्यांचा मुकुट

जपानी घराण्यांची चिन्हे, म्हणजे 'कामोन', आज जगभर सुंदर नक्षी म्हणून मिरवली जातात. बहुधा वर्तुळात बसवलेली फुले, पाने, सारस, फुलपाखरे. मोजक्या रेषा आणि एकच रंग. पण चिन्ह कधीच नुसती नक्षी नसते. ते कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

कामोनची सुरुवात सरदारांच्या बैलगाड्यांवर झाली. पुढे सामुराईंनी ती रणांगणातल्या निशाणांवर चढवली. सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटाची झाली, तीन पानांचे चिन्ह तोकुगावा शोगुनांचे. ही दोन्ही चिन्हे इतरांना वर्ज्य होती.

यावर काही जण म्हणतील, बाकीची कामोन तर व्यापारी, शेतकरी, नटही वापरत. मग विषमता कुठे होती? ती आडनावात होती. त्याच काळात सामान्य माणसाला उघडपणे आडनाव लावण्याची मुभा सहसा नव्हती. आणि सगळ्यांत खाली 'एता' होते, मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे. हा शब्द ज्या अक्षरांत लिहीत, त्यांचा अर्थच 'विपुल घाण'. त्यांचे चिन्ह इतरांनी ठरवले होते.

1871 मध्ये सरकारने ही नावे कायद्याने रद्द केली. 1875 मध्ये आडनाव सर्वांना सक्तीचे झाले. मग कलंक गेला का? नाही. 1872 च्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणी जुनी ओळख शाईने उतरवली गेली. पुढे 1975 मध्ये उघड झाले की, अनेक कंपन्या या बुराकुमिनांच्या वस्त्यांच्या याद्या गुपचूप विकत घेत होत्या, नोकरीच्या उमेदवारांची छाननी करण्यासाठी. आडनावावरून जात हुडकणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

मित्रांनो, या समाजाने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. 3 मार्च 1922 रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही संघटना उभी राहिली. सुइहेइ म्हणजे समतल. तिच्या जाहीरनाम्याचा मसुदा साइको मांकिची यांनी लिहिला. ते स्वतः याच समाजातले, एका बौद्ध मंदिराच्या घरात जन्मलेले. झेंड्याची कल्पनाही त्यांचीच. काळे कापड आणि त्यावर रक्तवर्णी काट्यांचा मुकुट. ना शेवंती, ना सारस. उसने घराणे त्यांनी सांगितले नाही, आपला भूतकाळही लपवला नाही. सोसलेल्या अपमानालाच त्यांनी निशाण केले.

लादलेले चिन्ह म्हणजे कलंक. आपण संघटित होऊन निवडलेले चिन्ह म्हणजे झेंडा. कायदा पहिले पुसू शकतो, पण दुसरे आपल्यालाच उभारावे लागते.