खुडूक कोंबडी: गुणाचा दोष कसा झाला?

१/ अंडी घालणे थांबवून खुराड्यात ठाण मांडणारी, हात जवळ नेताच पिसे फुलवून टोचणारी कोंबडी म्हणजे खुडूक कोंबडी. हजारो वर्षे मानवाने कुक्कुटवंश वाढवला तो तिच्याच उबेवर. आधुनिक कुक्कुटपालनात मात्र हाच स्वभाव दोष ठरला. त्या बदलाचा हा इतिहास.

२/ पिलू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. या काळात कोंबडी पोटाची उघडी त्वचा अंड्यांना टेकवून ऊब देते, ती वारंवार फिरवते आणि दाणापाण्यापुरतीच उठते. बसल्यापासून पिले मोठी होईपर्यंत ती नवे अंडे घालत नाही. वादाचे मूळ येथेच आहे.

३/ हा वाद जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला सांगतो की, उबवणीला वयस्क कोंबड्या बसवाव्यात. तरुण कोंबडी खुडूक झाल्यास नाकपुडीतून बारीक पीस घालून तिला परावृत्त करावे. म्हणजे तरुणीने अंडी द्यावीत आणि प्रौढेने वंश वाढवावा, अशी ही विभागणी होती.

४/ इजिप्तने कोंबडीलाच वगळले. तेथे उकिरड्याच्या उबेत अंडी उबवतात, अशी नोंद इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या भट्ट्यांत एकाच वेळी हजारो अंडी उबवली जात. तापमापक नव्हता; कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता जोखत.

५/ या भट्ट्यांच्या वर्णनांवरून प्रेरणा घेऊन फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उबवणी यंत्रे व्यापारी झाली. यंत्र आल्यावर खुडूक होणे म्हणजे केवळ अंड्यांचा खाडा. खुडूक होणाऱ्या कोंबड्या पैदाशीतून वगळल्या गेल्या. व्हाइट लेगहॉर्न जातीत तो स्वभाव जवळपास लोपला.

६/ भारतात दोन्ही प्रवाह शेजारी नांदतात. असील कोंबडी उत्तम आई मानली जाते. झाबुआची कडकनाथ क्वचितच खुडूक होते, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवतात. हैदराबादेत विकसित झालेली ‘वनराजा’ परसासाठीच घडवलेली. ती गावरान कोंबडीहून बरीच अधिक अंडी देते, पण सहसा खुडूक होत नाही.

७/ येथे प्रश्न मालकीचा होतो. परसातील कोंबड्या बहुधा घरातील स्त्रीच्या ताब्यात असतात. वनराजाची अंडी गावरान कोंबडीखाली उबवता येतात. परंतु ती संकरित असल्याने पुढच्या पिढीत तेच गुण पूर्णपणे उतरत नाहीत. पुन्हा पिले विकत घ्यावी लागतात.

८/ गावरान खुडूक कोंबडी अंडी कमी देते, हे खरे. पण टोपलीभर पेंढ्यावर, विजेवाचून आणि रोख पैशावाचून ती पुढची पिढी उभी करते. केवळ अंडी मोजणाऱ्या हिशेबात या श्रमाला रकाना नाही. म्हणून तो दोष दिसतो.

(समाप्त)