रुमालाची गाठ सोडणारे हात

पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. कागद कितीही मोलाचा असो, रुमालाची गाठ सुटल्याखेरीज तो वाचता येत नाही. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असंच एक दप्तर आहे. डीएनएचा सुमारे २ मीटर लांबीचा धागा तिथं हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो.

हिस्टोन १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींतून वेगळं काढलं. हंसाचंच रक्त का? तर माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या असतं. पण हिस्टोन म्हणजे धागा गुंडाळण्याचं नुसतं फडकं, असाच पुष्कळांचा समज पुढं कितीतरी वर्षं राहिला.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी कल्पना मांडली. हिस्टोनवर असेटिल नावाचा लहानसा रासायनिक गट चढला, की डीएनएतल्या मजकुराची नक्कल करण्यातला अडथळा कमी होतो. हिस्टोनवर धनभार, डीएनएवर ऋणभार. म्हणून पकड घट्ट. असेटिलमुळं धनभार घटतो, आणि पकड सैल होते.

मग हे पटायला ३२ वर्षं का लागली? गाठ सुटलेली दिसे, पण सोडणारा हात सापडेना. गाठ सुटली म्हणून वाचन झालं, की वाचन झालं म्हणून गाठ सुटली, हे कोणी सांगावं? १९९६ साली डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेनं टेट्राहायमिना या एकपेशीय जिवात असेटिल चढवणारं विकर, म्हणजेच एन्झाइम, ओळखलं. ते यीस्टमधल्या एका प्रथिनाचं भाऊबंद निघालं. आणि ते प्रथिन जनुकांना जागं करायला मदत करतं, हे आधीच ठाऊक होतं! दुवा जुळला. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटानं असेटिल काढून टाकणारं विकरही हुडकलं. एक हात गाठ सोडतो, दुसरा बांधतो.

डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत दप्तर एकच. उघडे रुमाल मात्र वेगवेगळे. ही बांधाबांध बिघडली, तर कर्करोगालाही वाट मिळू शकते. बांधणाऱ्या हाताला आवरणारं व्होरिनोस्टॅट हे औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं.

शिक्षकबंधूंनी मुलांना एवढं जरूर सांगावं: १९६४ची कल्पना खरीच होती, पण नुसतं खरं असून भागत नाही. ते दाखवून देणारा पुरावा कोणीतरी चिकाटीनं शोधावा लागतो.