अठरा विमाने आणि हरवलेले हसू

जोसेफ हेलर हा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधला मुलगा. १९४४ च्या मे महिन्यात कॉर्सिका बेटावरच्या अमेरिकन तळावर तो दाखल झाला, तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. बी-२५ विमानाच्या काचेच्या नाकात पालथे पडून खाली बॉम्ब सोडायचे, हे त्याचे काम. अशा साठ फेऱ्या त्याने केल्या. फ्रान्समधल्या अविन्यों शहरावरच्या फेरीत त्याच्याच विमानातला एक गोलंदाज जखमी झाला आणि हेलरला त्याच्या जखमा बांधाव्या लागल्या. तोवर लढाई ही त्याला एक गंमतच वाटत होती. त्या दिवसापासून मात्र त्याला विमानात बसायची धास्ती वाटू लागली.

त्या धास्तीतून १९६१ साली ‘कॅच-२२’ ही कादंबरी आली. तिच्यातला नियम आता जगाला ठाऊक आहे. वेड्याला फेरीवर पाठवायचे नाही; पण सुटकेचा अर्ज त्याने स्वतः करायचा, आणि जिवाच्या भीतीने जो अर्ज करतो तो शहाणाच ठरतो. म्हणजे फेरी चुकत नाही. सरकारी कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी ज्याने चकरा मारल्या आहेत, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

‘द ग्रॅज्युएट’बद्दल ऑस्कर मिळवलेल्या माइक निकोल्सने या कादंबरीवर चित्रपट करायला घेतला, तेव्हा अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर धावपट्टी बांधली. विमानपटू फ्रँक टॉलमनने कुठून कुठून अठरा बी-२५ गोळा केली. चित्रीकरणात विमानातून पडून दुसऱ्या पथकाचा दिग्दर्शक, जॉन जॉर्डन, प्राणाला मुकला. योसारियनच्या भूमिकेत ॲलन आर्किन, सेनापती ऑर्सन वेल्स. जून १९७० मध्ये चित्रपट झळकला आणि प्रेक्षक थोडे गोंधळूनच बाहेर पडले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रॉबर्ट ऑल्टमनचा ‘मॅश’ आला होता. कोरियाच्या युद्धावरचा, बराच स्वस्तात केलेला, धसमुसळा. लोक त्यालाच हसले, आणि पडद्यावरच्या कोरियात व्हिएतनाम ओळखून हसले.

निकोल्सचे चुकले कुठे? माझ्या मते त्याला विमानांचा मोह पडला. पहाटेच्या अंधारात इंजिने धडधडत एकामागून एक उठतात, ते दृश्य आजही श्वास रोखून धरते. पण हेलरचा विनोद विमानात नव्हताच. तो होता हुकमाच्या भाषेत, तीच गोष्ट तीनदा सांगून तिसऱ्या वेळी अंगावर काटा आणण्यात. पडद्यावर ती चऱ्हाटे कापली गेली. उरले ते किस्से, एकेक सुटा.

आणि एक गोष्ट फारच खटकते. कादंबरीत एक बिनसंरक्षणाचे डोंगरी खेडे आहे. वरून काढलेल्या फोटोत बॉम्बची नक्षी नीटस दिसावी, एवढ्यासाठी ते उडवायचे असते, आणि गावकऱ्यांना कुणी सावधही करत नाही. चित्रपटात योसारियन आपले बॉम्ब समुद्रात टाकतो, आणि त्याबद्दल त्याला पदक मिळते. हसू येते, पण खालचा माणूस त्यात नाही.

खाली माणसे होती. त्याच १९४४ च्या जुलैत, त्याच इटलीत, वरच्या टायबरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथेच पडला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी एकाच दिवशी दोघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला: नगर जिल्ह्यातला नामदेव जाधव आणि फ्रंटियर फोर्स रायफल्सचा कोहाटकडचा अली हैदर. त्यांना फेऱ्या मोजून घरी जायची सोय नव्हती.

तरी रोममधल्या रात्रीसाठी हा चित्रपट मी पुन्हा पाहतो. योसारियन अंधाऱ्या गल्ल्यांतून एकटा चालत असतो. त्याच्याच तुकडीतल्या अधिकाऱ्याने एका मोलकरणीला खिडकीतून खाली फेकून मारलेले असते. लष्करी पोलीस धाडधाड जिना चढून येतात आणि पकडतात योसारियनला. रजेच्या परवान्याशिवाय तो रोममध्ये आलेला असतो.