पदपथावरील शिरगणती

विद्वानाने आपले घर सोडून दरिद्री माणसाच्या शेजारी बिऱ्हाड करावे, ही कल्पना आज अंगवळणी पडली असली, तरी तिचे वय फार नाही. १८८४ साली सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल उघडला, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुण पदवीधरांस तेथे राहावयास बोलाविले. बेव्हरिज आणि अ‍ॅटली हे पुढे त्याच घरात वावरले. दोनच वर्षांनी चार्ल्स बूथ याने लंडनच्या दारिद्र्याची पाहणी आरंभिली. १९०३ पर्यंत तिचे सतरा खंड झाले. राजधानीतील शेकडा ३०.७ माणसे दारिद्र्यात आहेत, हा त्याचा आकडा सर्वश्रुत आहे. त्याने शहराचे रस्तेही नकाशावर रंगविले : धनिकांस पिवळा रंग, अगदी तळच्या वर्गास काळा. विद्यार्थिदशेत हे नकाशे प्रथम पाहिले तेव्हा आम्ही त्यांच्या शिस्तीनेच दिपून गेलो होतो. काळ्या रेघेवर राहणाऱ्या माणसास ती रेघ कोणी दाखविली होती काय, हा प्रश्न आम्हांस तेव्हा सुचला नाही. बूथची पुष्कळशी माहिती शाळामंडळाच्या निरीक्षकांकडून आलेली होती, हेही आम्हांस मागाहून कळले.

टॉयन्बी हॉल पाहून गेलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस काढले. तेथील मंडळींनी बूथच्याच पद्धतीने नकाशे करून १८९५ साली छापिले. त्याच शिकागोच्या विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले, आणि १९२६ च्या सुमारास नागपाडा नेबरहुड हाउस उभे राहिले. १९३६ साली टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले, त्याचे मूळ येथे आहे. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. १९४४ साली त्यास टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले, १९५४ साली ते देवनारला गेले आणि १९६४ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा लाभला. संस्था वाढली, तिने सहस्रावधी कार्यकर्ते दिले, हे निर्विवाद आहे. तथापि शेजारधर्मातून जन्मलेल्या विद्येस आवार आणि फाटक प्राप्त झाले म्हणजे शेजारी थोडा दूर जातोच. आम्ही जन्मभर अशाच फाटकाच्या आत शिकविले, म्हणून हे बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे.

या कथेचा खरा मोड पुन्हा नागपाड्याजवळच, भायखळ्याच्या पदपथांवर, आला. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावरील लोकांस हुसकून लावण्याची घोषणा केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने मान्य केले. पण नोटीस देऊन झोपड्या काढण्यास मुभाही दिली, मात्र ३१ ऑक्टोबरपूर्वी नव्हे. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने मुदत सांगितली, असे या निकालाविषयी आमचे मत आहे.

मुदत तर संपत आली. परंतु हुसकावयाची माणसे होती किती? १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणती झाली होती, तीत पदपथ धरलाच नव्हता. टाटा संस्थेत शिकलेल्या आणि नागपाड्याच्या त्याच घरात काम केलेल्या शीला पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली 'स्पार्क' ही संस्था काढली होती. तिने १९८५ साली पदपथवासीयांची शिरगणती केली, आणि ती पदपथावरील लोकांस बरोबर घेऊन केली. सुमारे सहा हजार कुटुंबे आणि सत्तावीस हजार माणसे तीत आली. ही माणसे उपरी नसून वर्षानुवर्षे तेथेच नांदणारी, रोजगारास पायी जाणारी आहेत, हे त्यातून दिसले. अहवालास नाव दिले : 'आम्ही, न दिसणारे'. आमच्यासारखे लेखक स्वतःस 'आम्ही' म्हणवितात ते केवळ प्रघात म्हणून. या नावातील 'आम्ही' मात्र एकेक करून मोजलेला होता.

बूथने आकडे नेले ते ग्रंथात. येथे आकडे ज्यांचे होते त्यांच्याच हाती राहिले. पुढच्याच वर्षी त्या बायकांनी 'महिला मिलन' ही आपली संघटना केली, आणि घर कसे असावे हे त्या स्वतःच ठरवू लागल्या. लुगड्यांनी अंतरे मोजून त्यांनी घराचे नमुने केले. खोलीची उंची त्यांनी चौदा फूट धरली, कारण मध्ये माळा घातला की वर मुलांस निजता येते आणि खाली चूल, शिवण व पाहुणा यांस जागा उरते.