बाईंचा टेपरेकॉर्डर

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी छापली. शिक्षकाने समजावलेले जपून ठेवावे, विद्यार्थ्याने हवे तेव्हा ऐकावे, हेही तीत होते. पण कथिलाच्या वर्खावरचा तो आवाज थोड्याच वेळा वाजवला की झिजून जाई. वर्गाला परवडणारी सोय झाली ती फिलिप्सने १९६३मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे. खिशात मावणारी, पुसून पुन्हा भरता येणारी!

आपल्या मराठीच्या बाईंनी नववीत टेपरेकॉर्डर आणला, तो मात्र स्वतःचा आवाज जपायला नव्हे. त्या आपले वाचन भरून घेत आणि लगेच ऐकवत. "हा माझा आवाज नाहीच," असे प्रत्येकजण म्हणे. (बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, टेपवर तो भाग नसतो.) चुका बाई सांगत नसत. गिळलेला पूर्णविराम ज्याचा त्यालाच ऐकू येई. एडिसनच्या कल्पनेपेक्षा मला हा उपयोग मोठा वाटतो.

कॅसेट एकच, दर आठवड्याला पुसली जाणारी. ती कुणाच्या माळ्यावर सापडली तर वाजवून पाहू नका. जुनी फीत अडकून तुटते. माझ्याकडे द्या, मी डिजिटल करून देते. आपल्या वाचनांच्या मधेमधे बाईंचे "हं, पुढचा" तेवढे तीत असेल.