फोनवरचा होकार: ब्रिटनमधील छोटे दुकानदार आणि वीजदलाल
ब्रिटनमध्ये वीज कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न दुकानदाराला पन्नासएक वर्षे पडलाच नाही. 1 एप्रिल 1948 रोजी वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देश प्रादेशिक वीजमंडळांत वाटला गेला. दुकान ज्या भागात, त्या भागाच्या मंडळाची वीज, आणि तीही जाहीर दराने. पुढच्याच वर्षी गॅसचीही तीच व्यवस्था झाली. बेकरीवाला किंवा न्हावी आलेले बिल भरी आणि आपल्या कामाला लागे.

ही घडी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने मोडली. 1986 मध्ये ब्रिटिश गॅसचे आणि 1990 मध्ये इंग्लंड-वेल्समधील 12 वीजकंपन्यांचे शेअर विक्रीला काढण्यात आले. वीजपुरवठादार निवडण्याची मुभा मात्र वरून खाली झिरपली. 1990 मध्ये ती 1 मेगावॅटहून अधिक मागणी असलेल्या कारखान्यांना मिळाली, 1994 मध्ये 100 किलोवॅटच्या वरच्या ग्राहकांना. घरे आणि छोटी दुकाने यांची पाळी सप्टेंबर 1998 ते मे 1999 या काळात आली.

पुढच्या तक्रारींचे मूळ याच शेवटच्या टप्प्यात आहे. मोठ्या कारखान्यात वीजखरेदी पाहायला स्वतंत्र माणूस असतो. चिप्स तळणाऱ्या दुकानदाराला युनिटचा दर, स्थिर आकार आणि कराराची मुदत यांचा मेळ घालायला फुरसत नसते. याबाबतीत तो घरगुती ग्राहकासारखाच. कायद्याने मात्र त्याला कारखानदाराच्या रांगेत बसवले. दूरवरून केलेला व्यवहार ठरावीक दिवसांत रद्द करण्याचा हक्क घरगुती ग्राहकाला मिळाला, धंद्याला नाही. शिवाय इंग्लिश कायद्यात असा करार लेखीच असावा अशी अट नाही. फोनवर अटी वाचून दाखवल्या, दुकानदार ‘हो’ म्हणाला आणि ते ध्वनिमुद्रित झाले, की करार पक्का.

या पोकळीत दलालांचा धंदा वाढला. काही दलाल खरोखर दर तपासून चांगला करार मिळवून देत आणि त्यांची गरजही होती, कारण छोट्या धंद्यांसाठीचे दर बहुतेक पुरवठादार उघडपणे छापतच नसत. पण मोबदल्याची रीत सदोष होती. दुकानदाराकडून दलाल थेट काही घेत नसे. त्याचे कमिशन युनिटच्या दरात मिसळलेले असे आणि ते पुरवठादार देई. वर्षाला 25,000 युनिट वापरणाऱ्या दुकानावर युनिटमागे 2 पेन्स चढवले, तर तीन वर्षांत 1,500 पौंड होतात, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ दिसत नाही. करार जितका लांब, तितके कमिशन मोठे. त्यामुळे दलालाचा आग्रह पाच वर्षांचा असला, तरी त्यात दुकानदाराचे हित असेलच असे नव्हते. काही जण तर आपण सध्याच्या पुरवठादाराकडूनच बोलत असल्याचे भासवत.

दुसरा सापळा नूतनीकरणाचा. मुदत संपण्याआधी ठरलेल्या काळात लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप पुढे चालू होई, बहुधा चढ्या दराने. वीज व गॅस बाजाराची नियामक संस्था ऑफजेमने 2010 पासून ‘अतिछोट्या’ धंद्यांसाठी, म्हणजे अशाच दुकानांसाठी, ही मुदतवाढ जास्तीत जास्त एका वर्षापुरती मर्यादित केली. तरीही स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जून 2016 च्या अहवालात दाखवून दिले, की 2013 मध्ये अतिछोट्या धंद्यांपैकी 45 टक्के वीजग्राहक स्वतः न निवडलेल्या दरांवर होते. आपोआप वाढलेल्या करारातून बाहेर पडण्याचा दंड त्यानंतर बंद झाला.

दलाल मात्र मोकळाच राहिला. पुरवठादाराला परवाना लागतो, दलालाला लागत नाही. म्हणून ऑफजेमला दलालावरचा प्रत्येक नियम पुरवठादाराच्या परवान्यातूनच घालावा लागला. 2020 मध्ये अतिछोट्या धंद्यांना 14 दिवसांचा फेरविचाराचा काळ देण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो सोडून देण्यात आला, आणि सगळ्या सुधारणांत हीच सर्वांत मोठी उणीव राहिली.

त्यातच 2021 पासून घाऊक दर भडकले. जानेवारी 2019 पासून घरगुती दरांना कमाल मर्यादा होती, धंद्यांना नव्हती. ज्यांचे करार 2022 च्या उत्तरार्धात संपले, त्यांच्यापुढे आलेले आकडे दुकान बंद करायला लावणारे होते. सरकारने 1 ऑक्टोबर 2022 पासून सहा महिने घाऊक दरात सवलत दिली. त्याच दिवशी नवे नियमही लागू झाले: अतिछोट्या धंद्यांच्या करारात दलालाची रक्कम दाखवणे बंधनकारक झाले आणि मुदतीअखेर नोटीस देण्याची सक्ती गेली. डिसेंबर 2022 पासून पुरवठादारांना केवळ तक्रारनिवारण योजनेत सामील झालेल्या दलालांशीच अतिछोट्या धंद्यांचे व्यवहार करता येऊ लागले.

ऑक्टोबर 2024 पासून कमिशन उघड करण्याचा नियम सर्व बिगरघरगुती ग्राहकांना लागू झाला. डिसेंबरात 50 पेक्षा कमी माणसे असलेल्या धंद्यांनाही ऊर्जा लोकपालाचे दार उघडले. दलालांवर थेट नियमन असावे का, यावर सरकारने मते मागवली ती 2024 च्या सप्टेंबरात, म्हणजे छोट्या दुकानांसाठी बाजार खुला झाल्यावर तब्बल 25 वर्षांनी.